एच-इंडेक्स ४, आणि त्या मांजराचा ११

आलेलं पत्र, थोडं कापून (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या पेपरचा दिलेला दाखला, गूगल स्कॉलर म्हणजे ते मोजणारी साइट, आणि एच-इंडेक्स म्हणजे त्यावरून काढलेला एक आकडा, कसा काढतात ते पुढे येतंच):

"नमस्कार मॅडम. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, सहा वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावरच आहे. सेट ही पात्रता परीक्षा झालीये, पीएचडी झालीये. गूगल स्कॉलरवर माझे ९ पेपर दिसतात, सायटेशन अशी: ३८, ११, ६, ४, २, १ आणि तीन पेपरना शून्य. एकूण ६२, एच-इंडेक्स ४. माझ्याबरोबरच लागलेल्या एका सहकाऱ्याचे तीन वर्षांत ४१ पेपर आहेत, एच-इंडेक्स १३. परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी मोबाइलवर सगळ्यांचे आकडे काढून मोठ्याने वाचले. माझा वाचला तेव्हा कुणी काहीच बोललं नाही, तेच जास्त लागलं. तो सहकारी माणूस वाईट नाही, त्यानेच सांगितलं की एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आपण पाच जणांना साईट करायचं, पाच जण आपल्याला करतात. शिवाय एक जण पैसे घेऊन एकदम पन्नास सायटेशन लावून देतो. मिस्टर म्हणतात सगळेच करतात तर तूही कर. दोन-तीन महिन्यांत एका कॉलेजच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. एवढ्या वर्षांचं माझं काम म्हणजे फक्त ४ का हो?

ता.क. लग्नाआधीच्या नावावर माझे दोन पेपर आहेत, त्यांना ९ आणि ५ सायटेशन आहेत, पण ते प्रोफाइलवर येत नाहीत. त्याचं काही करता येतं का?"

अगं, ताजा कलम आधी घेते, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात कामाची गोष्ट तीच आहे आणि ती तू शेवटी टाकलीस, जशी आपण बायका डॉक्टरकडून निघताना दारात उभं राहून "आणि हो, छातीत पण जरा दुखतं" म्हणतो ना, तशी.

तुझं आडनाव बदललं आणि त्या मशिनला वाटलं या दोन वेगळ्या बायका आहेत. बस एवढंच झालंय. हे आपल्याकडे घरोघरी होतं. पीएचडी करताना माहेरचं नाव, पेपर छापून येईपर्यंत सासरचं, मधे कुठे वडिलांचं नाव तर कुठे नवऱ्याचं, कुठे नुसतंच आद्याक्षर, आणि मग वर पाटील, देशमुख, कुलकर्णी ही आडनावं इतकी की एस. पाटील शोधलं तर शेतीपासून संगणकापर्यंत सगळे एस. पाटील येतात. पुरुषांचा एक प्रश्न असतो की दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर येतात, बायकांचा उलटा, आपलेच आपल्या नावावर येत नाहीत.

करायचं काय, तर स्कॉलरच्या प्रोफाइलवर लेख जोडायची सोय आहे, तिथे जुन्या नावाने शोध, दोन्ही पेपर सापडतील, टिक कर, झालं. प्रोफाइलमध्ये जुनं नावही कंसात लिही. आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा ओळखक्रमांक नसेल तर आजच काढ, फुकट असतो, १६ आकडी, २०१२ पासून चालू आहे, तो याचसाठी की नाव बदललं, गाव बदललं, नोकरी बदलली तरी माणूस एकच आहे हे कळावं. दोन्ही नावं त्यात टाकता येतात.

आता नवी यादी मांड. ३८, ११, ९, ६, ५, ४, २, १, आणि तीन शून्य. एच-इंडेक्स काढायचा म्हणजे असं उतरत्या क्रमाने लावायचं आणि वरून मोजत खाली यायचं. पहिल्याला निदान १ आहे का, दुसऱ्याला निदान २, तिसऱ्याला ३... तुझ्या पाचव्या पेपरला ५ आहेत, जमलं, सहाव्याला ६ पाहिजेत तर तिथे ४च आहेत, थांब. म्हणजे तुझा एच-इंडेक्स ५ आहे, एकूण सायटेशन ७६. पत्र वाचता वाचता २५ टक्के वाढ करून दिली बघ, आणि मी तर काही पैसे पण घेतले नाहीत. (आय-टेन, म्हणजे निदान दहा सायटेशन असलेले पेपर किती तो आकडा, मात्र २च राहिला, तुझा तो माहेरचा पेपर ९ वर अडकलाय.)

पण आता जरा थांब आणि याच यादीकडे बघ. तुझ्या पहिल्या पेपरला ३८ आहेत. उद्या समजा त्याला ३,८०० झाली, अख्ख्या जगाने तो वाचला, तरी तुझा एच-इंडेक्स किती राहील? ५च. आणि उलट कुणीतरी पंधरा सुमार पेपर लिहिले, प्रत्येकाला मित्रांकडून पंधरा-पंधरा सायटेशन लावून घेतली, की १५. म्हणजे हा आकडा मोजतो काय, तर मधल्या फळीतली गर्दी. ज्याने एकच गोष्ट पण जबरदस्त केली त्याला यात काही किंमत नाही.

हा आकडा मुळात मानसशास्त्रवाल्यांसाठी काढलेलाच नव्हता. होर्हे हिर्श म्हणून कॅलिफोर्नियातले, सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी २००५ साली हे मोजमाप मांडलं, आणि मांडताना त्यांच्या क्षेत्राचा अंदाज म्हणून सांगितलं की मोठ्या अमेरिकन विद्यापीठात असोसिएट प्रोफेसरला साधारण १२ आणि प्रोफेसरला १८ असायला हरकत नाही. झालं, ते १२ आणि १८ सुटले ते सुटलेच, कुठल्या कुठे पोचले, आता मराठवाड्यातल्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर वाचले जातायत. हिर्श यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिलं की याचे मी न योजलेले वाईट परिणाम झाले. आपल्याकडे तो लेख कोण वाचतंय.

आणि मानसशास्त्रात तर असा आकडा कुठल्या कोपऱ्यातून आला हे बघितल्याशिवाय बोलूच नये. मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्यांच्या एका पेपरवर दहा-बारा नावं असतात आणि प्रत्येकाला ती सायटेशन पूर्ण मिळतात, वाटून नाही. तू शाळाशाळांत जाऊन आठवी-नववीच्या पोरांना समोर बसवून प्रश्नावली भरून घेतेस, त्यात सहामाही आली की महिना गेला, स्नेहसंमेलन आलं की अजून एक गेला. शिवाय कुठे मोजलं त्यावरही बदलतं. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट (छापायच्या आधीच नेटवर टाकलेले लेख) सगळं धरतं, स्कोपस हा असाच दुसरा संग्रह त्याच्या यादीत निवडलेलंच धरतो, त्यामुळे त्याच माणसाचा आकडा स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी येतो. म्हणून अर्जात आकडा लिहायचाच असेल तर "गूगल स्कॉलर, अमुक तारखेला" असं लिहायचं. नुसता आकडा म्हणजे भाव लिहिलाय पण किलोचा का पावशेरचा ते नाही.

बरं आता मांजराचं सांगते. २०२४ साली अमेरिकेत एका संशोधकाने आजीच्या मांजराच्या नावाने, लॅरी नाव त्याचं, १२ पेपर तयार केले. पेपर म्हणजे निव्वळ बडबड, गणिताच्या नावाखाली मशिनने लिहिलेली. मग त्या १२ पेपरना साईट करणारे दुसरे तसलेच बडबड पेपर करून नेटवर चढवले. गूगल स्कॉलरने ते निमूटपणे मोजलं. १३२ सायटेशन, एच-इंडेक्स ११. त्याला करून दाखवायचं होतं की हे किती सोपं आहे, कारण असलीच दुकानं उघडलेली त्याने बघितली होती. म्हणजे तुझ्या स्टाफरूमच्या यादीत लॅरी दुसरा आला असता, दूध पिऊन.

त्याच वर्षी अबुधाबीच्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या लोकांनी अजून एक केलं, अस्तित्वातच नसलेल्या एका लेखकाचं प्रोफाइल बनवलं आणि त्याच्यासाठी चक्क ५० सायटेशन विकत घेतली, ३०० डॉलरला. तुझ्या त्या पन्नासवाल्या माणसाचं दुकान एवढं जागतिक आहे बघ. त्यांनी ते छापून पण टाकलं, की हे असं असं विकत मिळतं आणि असं असं ओळखता येतं. ते "ओळखता येतं" लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

पण मांजर बाजूला ठेव, ते सोपं उदाहरण झालं, खोटं ते खोटंच. मला तुला खरं जे सांगायचंय ते आयझेंकचं आहे. आपल्याकडे एमएच्या प्रॅक्टिकलला ज्याने त्याची व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली भरली नाही असं माणूस सापडणं अवघड, बहिर्मुखता, मज्जाविकृती, ते दोन अक्ष, वहीत ते वर्तुळ काढून रंगवलेलं. हान्स आयझेंक, जन्म १९१६ बर्लिन, १९३४ मध्ये जर्मनी सोडली, मग लंडन, मॉडस्ली हॉस्पिटलच्या आवारातली ती इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअट्री, तिथला मानसशास्त्र विभाग त्यानेच उभा केला. किती लिहिलं म्हणशील, तर पुस्तकं ऐंशीच्या आसपास, लेख हजाराच्या बरेच वर. १९५२ मध्ये मानसोपचारांचा खरंच उपयोग होतो का असा एक छोटासा लेख लिहून त्याने सगळ्या डॉक्टरांना अंगावर घेतलं, आणि त्या भांडणातून पुढे उपचारांचा परिणाम मोजायची शिस्त लागली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. १९९७ मध्ये तो गेला तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांत सर्वात जास्त उल्लेख होणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. २००२ मध्ये हॅगब्लूम आणि मंडळींनी विसाव्या शतकातल्या ९९ थोर मानसशास्त्रज्ञांची यादी काढली, त्यात नुसते नियतकालिकांतले उल्लेख मोजले तर फ्रॉइड पहिला, पियाजे दुसरा आणि आयझेंक तिसरा. तिसरा! (एकूण यादीत पहिला स्किनर आला, कारण तिथे पाठ्यपुस्तकं आणि इतर मानसशास्त्रज्ञांची मतंही धरली होती. म्हणजे मोजपट्टी बदलली की पहिला नंबरही बदलतो, हे मानसशास्त्राच्या बाईला मी सांगायला नको.)

तर अशा माणसाचं पुढे काय झालं. ८०-९०च्या दशकात ग्रोसार्थ-मातिचेक नावाच्या एका संशोधकाबरोबर त्याने पेपर छापले होते, की ठरावीक स्वभावाच्या माणसांना कॅन्सर होतो, ठरावीक स्वभावाच्यांना हृदयविकार, आणि बोलून उपचार केले तर हे मरण टळतं. आकडे इतके गोड की खरे वाटू नयेत. तंबाखू कंपन्यांचा पैसा पण त्या कामात होता. १९९२ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शंका छापून आल्या होत्या, कुणी फार मनावर घेतलं नाही. शेवटी २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि त्याचे २६ पेपर भरवशाचे नाहीत असं ठरवलं. त्यानंतर डझनाहून जास्त पेपर नियतकालिकांनी मागे घेतले, बाकी कितीतरींवर "सावध राहा" अशी पाटी लावली. माणूस जाऊन बावीस वर्षं झाली होती.

आता तू सांग, त्या सगळ्या वर्षांत त्या पेपरना मिळालेली सायटेशन कुणी वजा केली का? नाही केली. करता येतच नाहीत. जो कौतुकाने साईट करतो त्याचं एक, जो "हे चूक आहे" म्हणून साईट करतो त्याचंही एक, आणि जो न वाचताच दुसऱ्याच्या यादीतून उचलून चिकटवतो (आपल्यातले निम्मे) त्याचंही एकच. सायटेशन म्हणजे एवढंच की कुणीतरी तुझं नाव घेतलं. का घेतलं ते त्या आकड्यात नसतं. लग्नात पाचशे माणसं जेवून गेली यावरून जेवण कसं होतं ते कळतं का?

आणि ही एकट्या आयझेंकची गोष्ट नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० प्रकाशित अभ्यासांचे प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, मोठा घोळका होता संशोधकांचा. मूळच्यांत ९७ टक्के अभ्यासांचे निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे नुसत्या योगायोगाने सहज आले नसते असे) होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के राहिले. बरं, निदान जे टिकले त्यांनाच लोक जास्त साईट करत असतील असं आपल्याला वाटणार ना? २०२१ मध्ये दोन जणांनी ते पण तपासलं, आणि निघालं उलटं, जे टिकले नाहीत त्यांनाच जास्त सायटेशन, आणि टिकला नाही हे जाहीर झाल्यावरसुद्धा साईट करणाऱ्यांपैकी थोडेच ते सांगतात. चटपटीत निष्कर्ष असला की पळतो. हे वाचून मला माझ्याच एका जुन्या लेखाची आठवण झाली, ज्यात मी असलाच एक चटपटीत प्रयोग मोठ्या विश्वासाने उद्धृत केला होता, पोरांना वर्गात पण वर्षानुवर्षं शिकवला, आणि आता ती पोरं स्वतः शिकवतायत. जाऊ दे.

आता तुझ्या ३८ कडे येऊ, कारण ते सोडून तू सगळं बघतेयस.

तू सोबत जी यादी पाठवलीस त्यात तो पेपर म्हणजे परीक्षेच्या ताणाच्या मोजपट्टीचं मराठी रूपांतर, बरोबर? भाषांतर, उलट भाषांतर, चारशेच्या वर पोरं, विश्वसनीयता, नॉर्म्स (कुठल्या गुणांना किती ताण म्हणायचं तो तक्ता), सगळं केलंयस. तू पत्रात लिहिलंयस "तो काही फार ओरिजिनल नाही, नुसती टेस्ट मराठीत केली". अगं बाई! मानसशास्त्रात सगळ्यात जास्त साईट काय होतं माहितीये का, हत्यारं. सिद्धांत नाही, हत्यारं. बेकची नैराश्याची प्रश्नावली, १९६१ ची, अजून हजारोंनी साईट होते. बॅरन आणि केनी यांचा १९८६ चा पेपर, मीडिएटर-मॉडरेटर, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम कशामार्फत आणि केव्हा होतो, ते कसं तपासायचं तो, लाखाच्या वर सायटेशन. ब्रॉन आणि क्लार्क, २००६, थीमॅटिक ॲनालिसिस (मुलाखतींसारख्या मजकुरातून समान सूत्रं काढणं) कसं करायचं हे नीट समजावून सांगितलं, एवढंच, लाखाच्या वर. का, तर लोकांना काम करायला ते लागतं. सुताराला पटाशी लागते तसं.

म्हणून आज रात्री एक काम कर. त्या पेपरखाली "याला कुणी साईट केलंय" असं असतं, त्यावर क्लिक कर आणि ३८ च्या ३८ उघडून बघ. वहीत चार रकाने पाड. तुझी स्वतःचीच किती, तुझ्या गाईडची किती, नुसता जाता जाता उल्लेख किती, आणि खरोखर ती मोजपट्टी घेऊन कुणीतरी आपल्या शाळेतल्या पोरांवर वापरली असे किती. मला वाटतं शेवटचा रकाना तुला चकित करेल. आणि समजा नाही केला, पाचच निघाले, तरी इंटरव्ह्यूत "सर, माझी मोजपट्टी या पाच अभ्यासांत वापरली गेली, त्यातला एक आदिवासी आश्रमशाळेतल्या मुलांवर आहे" असं जर सांगता आलं (काय निघेल ते सांग, मी आपलं उदाहरण देतेय), तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. "माझा एच-इंडेक्स १३ आहे" म्हटल्यावर कोण कशाला सरकेल, त्याच्याकडे सकाळपासून असे आठ जण येऊन गेलेत.

इंटरव्ह्यूवरून आठवलं. जाहिरात आणि त्यातला गुणांचा तक्ता वाचलास का? शांतपणे, चहा घेऊन? मला दाट शंका आहे की नाही. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी जो तक्ता आहे ना, त्यात प्रत्येक पेपरला २ गुण, आणि जास्तीत जास्त किती? ६. म्हणजे तीन पेपर झाले की ते भांडं भरलं. विद्यापीठाच्या जागेसाठी १०, म्हणजे पाच पेपर. तुझे अकरा आहेत. त्या सहकाऱ्याचे ४१ असले तरी त्या रकान्यात त्यालाही सहाच. एच-इंडेक्सचा तर त्या तक्त्यात रकानाच नाही! पीएचडीला, पदव्युत्तर मार्कांना, नेट-सेटला, अनुभवाला गुण आहेत. पुढच्या पदांसाठीचा जो तक्ता आहे त्यात सामाजिक शास्त्रांच्या पेपरला १० गुण, दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) वाढीव गुण, पण तेही नियतकालिकाचे, तुझ्या सायटेशनचे नाहीत. तुझ्या जाहिरातीत वेगळा तक्ता दिला असेल तर अर्थात तोच चालणार, म्हणून म्हणतेय आधी वाच. स्टाफरूममधला तक्ता आणि जाहिरातीतला तक्ता हे दोन वेगळे असतात, आणि नोकरी दुसऱ्यावर मिळते.

एक मात्र बघून ठेव, तुझे पेपर छापले कुठे. भरवशाच्या नियतकालिकांची ती केअर यादी युजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता नियतकालिक बरं की वाईट ते संस्थेने स्वतः बघायचं आहे. त्याआधीच्या "युजीसी मान्यताप्राप्त" यादीचं काय झालं होतं ते तुला माहीत असेल, पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यातली हजारभर नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्के निकषात बसत नव्हती. तेव्हा तुझ्या त्या तीन शून्यवाल्या पेपरपैकी एखादा "चार दिवसांत छापून मिळेल" वाल्यांकडे दिला असशील (सगळ्यांनी एखादा दिलेला असतो, मीही तुला उपदेश करायच्या लायकीची नाही), तर तो यादीत पहिला लिहू नकोस. खाली लिही.

आता ग्रुप. मिस्टर म्हणतात सगळेच करतात. सगळे करत नाहीत, जे करतात ते मोठ्याने बोलतात. आणि नीतीचं मी बोलतच नाही, तू मोठी आहेस, नुसता व्यवहार बघ. सायटेशन लपत नाही गं. लाच दिली तर निदान पावती नसते, इथे पावती कायमची छापलेली असते, तुझ्या नावासकट, तारखेसकट. समितीतला एखादा तरुण तज्ज्ञ तुझ्या नावावर क्लिक करतो, बघतो की परीक्षेच्या ताणावरच्या पेपरला साईट करणारे लोक कोण, तर सिमेंटची ताकद, डाळिंबावरचा रोग आणि बँकांचं विलीनीकरण. आणि तेच पाच-सहा लोक आळीपाळीने एकमेकांना. लहान पोरांच्या संगीत खुर्चीसारखं सगळं स्वच्छ दिसतं. नियतकालिकं असं करतात तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टरच्या वार्षिक अहवालातून त्यांना वगळतात, दर वर्षी काही जातातच. आणि हे छोट्या माणसांचंच असतं असंही नाही, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या मानसशास्त्र नियतकालिकाच्या संपादकाला, रॉबर्ट स्टर्नबर्ग यांना, पद सोडावं लागलं, टीकेतला एक मुद्दा हाच की स्वतःलाच फार साईट करतात. त्यांचं बुद्धिमत्तेवरचं काम तू शिकवतेस. त्यांना कशाला गरज होती, सांग बरं?

अजून एक, ग्रुपात शिरलं की बाहेर पडता येत नाही. आज पाच जणांना साईट केलंस, उद्या पेपर लिहिताना तुझ्या डोक्यात "यात डाळिंब कुठे बसवू" हे असणार. मग तू परीक्षेचा ताण मोजणारी राहिली नाहीस.

त्या सहकाऱ्याशी भांडू नकोस, त्याला शिकवायलाही जाऊ नकोस. सहा-सहा वर्षं तासिकेवर ठेवलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं, त्याने आकडा धरलाय. डोनाल्ड कॅम्पबेल म्हणून होते, मानसशास्त्रज्ञच, त्यांनी सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर निर्णय घ्यायला लागलात की लोक तो आकडाच वाकवायला लागतात आणि ज्यासाठी तो मोजत होतो ते काम बिघडतं. सरकारी योजना आणि शाळेच्या चाचण्या असल्या गोष्टींबद्दल लिहिलं होतं, पण आपल्याला मापात बसतं.

स्टाफरूमचं काय करायचं ते मला माहीत आहे. पुन्हा कुणी मोबाइल काढला तर म्हण, "पाच झाला हो माझा, आणि एका मांजराचा अकरा आहे, सांगू का?" आणि सांग गोष्ट. हसतील. हसल्यावर विषय बदलतो.

इंटरव्ह्यूसाठी एक पान तयार कर, त्यात तीनच पेपर. प्रत्येकाखाली चार ओळी: प्रश्न काय होता, किती मुलं, काय सापडलं, पुढे कुणी वापरलं. मोजपट्टीचा पहिला. ११ वाला दुसरा. तिसरा माहेरच्या नावाचा तो ९ वाला घे, आणि त्यावर पेन्सिलने नाही तर नीट छापून लिही, "विवाहापूर्वीच्या नावाने प्रकाशित", आणि लग्नाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलमध्ये ठेव, कारण एखादा महाभाग नक्की विचारतो की ही बाई कोण.

बाकी एक माझं काम आहे. आमच्या इथल्या एका झेडपी शाळेतल्या बाई केव्हाच्या विचारतायत की दहावीच्या पोरांसाठी मराठीत ताण मोजायचं काही आहे का, इंग्रजीवरून तोंडी भाषांतर करून त्या कंटाळल्या. तुझी मोजपट्टी मला पाठव, मी त्यांना देते. त्या काही पेपरबिपर लिहिणार नाहीत, तेव्हा सायटेशन येणार नाही. पण स्कोअरिंग की आठवणीने जोड, मागे एकांनी नुसते प्रश्न पाठवले होते आणि बाई आठवडाभर मला फोन करत होत्या की उलट गुण कुठल्या प्रश्नांना द्यायचे.